आयसीडी-९ ते आयसीडी-१० : जुन्या मृत्यूनोंदी जुळवण्याचा अनुभव

माझा एम.डी.चा थिसिस गेल्या महिन्यात एकदाचा जमा झाला. विषय होता आमच्या हॉस्पिटलमध्ये १९९६ ते २००३ या काळात झालेल्या मृत्यूंची कारणं. या वर्षांच्या मधोमध आजारांच्या वर्गीकरणाचं पुस्तकच बदललं. आधी आयसीडी-९ होतं, मग आयसीडी-१० आलं. दोन्हीकडचे कोड एका आलेखात कसे आणायचे, हे आपल्याकडच्या नोंदींना लागू पडेल असं सलग लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही. मागून येणाऱ्या ज्युनियर्सना, एमआरडीत, म्हणजे हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या विभागात, काम करणाऱ्यांना आणि जिल्ह्याच्या आकडेवारीवर बसलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते.

जानेवारी २०२२ मध्ये विषय ठरवताना मी हॉस्पिटलच्या जुन्या वार्षिक अहवालांतून एक साधा आलेख काढला होता. २००० साली न्यूमोनियाची रेष एकदम खाली आलेली, क्षयाचीही खाली, आणि एचआयव्हीची वर गेलेली. डॉट्स, म्हणजे देखरेखीखाली क्षयाची औषधं देण्याचा कार्यक्रम, १९९७ पासून टप्प्याटप्प्याने येत होतं, त्यामुळे क्षयाबद्दल काही तरी सांगता आलं असतं. पण माझ्या गाईड मॅडम आलेखाकडे बघत म्हणाल्या, "एका एक जानेवारीला एवढा फरक पडत नसतो. आधी हे कोड कुठल्या पुस्तकातले आहेत ते बघ." रजिस्टर मागवलं. डिसेंबर १९९९ पर्यंत बहुतेक कोड नुसते आकडी होते, ४८६, ०११, ४१० असे. जानेवारी २००० पासून कोडांच्या आधी इंग्रजी अक्षर दिसायला लागलं. थिसिस तिथेच ठरला.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र असतं, त्याला आपण एमसीसीडी म्हणतो. हॉस्पिटलमधल्या मृत्यूसाठी नमुना ४, घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४ अ. त्यात दोन भाग. पहिल्या भागात अ, ब, क अशा ओळी: वर तात्काळ कारण, खाली त्याच्या मागचं, त्याच्याही खाली त्याच्या मागचं. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणारे पण त्या साखळीत न बसणारे आजार. या सगळ्यातून एकच मूळ कारण निवडायचं आणि त्याला कोड द्यायचा. राज्याच्या आणि देशाच्या आकडेवारीत तो एकच कोड जातो. डॉक्टरने लिहिलेल्या ओळी आणि छापील आकडा यांच्यामध्ये कोडिंग करणारा माणूस असतो, त्याच्या हातात पुस्तक असतं आणि त्या पुस्तकात निवडीचे नियम असतात. पुस्तक बदललं की कोड बदलतात हे सगळ्यांना माहीत असतं. नियमही बदलतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. माझा बहुतेक वेळ या नियमांवरच गेला.

सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, मार्चमध्ये गेला. एथिक्स कमिटीने दोन प्रश्न काढले: मयताचं नाव तुझ्या शीटमध्ये येणार का, आणि मूळ प्रमाणपत्रं कुठून मिळणार. पहिल्याचं उत्तर सोपं होतं. नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक काहीच घ्यायचं नाही; वय, लिंग, महिना आणि प्रमाणपत्रातला मजकूर, एवढंच. दुसऱ्यासाठी धावपळ झाली. माझी समजूत अशी करून देण्यात आली होती की नमुना ४ महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात असतात. तिथल्या क्लार्कनी शांतपणे नियम दाखवला: रजिस्टरात नोंद झाली की ही प्रमाणपत्रं पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मुख्य निबंधकांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे रवाना होतात. कायम जपून ठेवायचं असतं ते रजिस्टर, आणि त्यात कारण एका ओळीत असतं. एका ओळीवरून साखळी कळत नाही, आणि साखळीशिवाय फेरकोडिंग होत नाही.

सुदैवाने आमच्या हॉस्पिटलच्या एमआरडीत मयत रुग्णांच्या केसपेपरला नमुना ४ ची कार्बन प्रत टाचून ठेवायची पद्धत होती. हा शोध लागेपर्यंत मे उजाडला. तुम्ही असं काही करणार असाल तर विषय ठरवण्याआधीच एमआरडीत जाऊन एक गठ्ठा उघडून बघा. प्रत आहे का, वाचता येते का, मागची बाजू भरलेली आहे का. परवानगीचा अर्ज अधीक्षकांच्या नावे करा आणि आवक क्रमांक त्याच दिवशी लिहून घ्या. आमचा अर्ज सहा आठवडे फिरत होता, आणि प्रत्येक टेबलावर विचारला गेला तो आवक क्रमांकच.

जूनमध्ये रेकॉर्ड रूममध्ये बसायला लागले. पावसाळा सुरू झाला होता, कागदाला ओल धरलेली. निळ्या कार्बनचं अक्षर काही ठिकाणी इतकं पुसट होतं की मोबाईलचा टॉर्च कागदाला आडवा धरल्यावरच उमटलेल्या खाचा वाचता यायच्या. ही युक्ती तिथल्या मावशींनी शिकवली. मास्क, हातमोजे, अँटिहिस्टॅमिन या तिन्ही गोष्टी लागतातच. फोटो काढायला मनाई होती आणि ते योग्यच होतं, त्यामुळे सगळं तिथेच बसून लॅपटॉपवर टाइप केलं.

एक मात्र मनाची तयारी करून जा. सुरुवातीला तुम्ही कोड शोधत असता. पण वय २२, स्त्री, भाजणे ९० टक्के, अशी प्रमाणपत्रं एकामागून एक यायला लागतात तेव्हा हात थांबतो. मी संध्याकाळी हॉस्टेलला न जाता बराच वेळ आवारात फिरत राहायचे. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी भाजण्याचे आणि बाळंतपणाचे मृत्यू सलग एकाच दिवशी करू नकोस, वाटून घे, असं सांगितलं. तेवढ्याने बराच फरक पडला.

पुस्तकांचं म्हणाल तर आयसीडी-१० चे तिन्ही खंड जागतिक आरोग्य संघटनेच्या साइटवर फुकट मिळतात. पहिला खंड कोडांची यादी, दुसरा नियमांचा, तिसरा अकारविल्हे सूची. शिकण्यासाठी त्यांचं ऑनलाइन प्रशिक्षणही आहे, तेही फुकट. मृत्यूच्या कोडिंगचा भाग त्यात वेगळा आहे, तो आधी करा. दुसऱ्या खंडाची आवृत्ती मात्र नीट बघा. २००० सालच्या कोडिंगला जुन्या आवृत्तीतले 'नियम १, नियम २, नियम ३' लागू होते. २०१६ च्या आवृत्तीपासून त्यांची फेरमांडणी होऊन 'एसपी १ ते एसपी ८' अशा पायऱ्या आल्या. मी जुनी आवृत्ती वापरली. आयसीडी-९ चे दोन खंड कॉलेजच्या लायब्ररीत तळाच्या कपाटात मिळाले. लागणाऱ्या पानांची झेरॉक्स आणि स्पायरल मिळून सहाशे रुपयांच्या आसपास खर्च आला.

या वर्गीकरणाला मोठा इतिहास आहे. जाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली शिकागोच्या बैठकीत मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, तिथून ही परंपरा सुरू होते. सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १९४८ पासून, ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. नववी आवृत्ती १९७५ ची, दहावी १९९० मध्ये मंजूर झालेली. देशोदेशी ती लागू झाली मात्र वेगवेगळ्या वर्षी. अमेरिकेने मृत्यूंसाठी १९९९ मध्ये घेतली, इंग्लंड-वेल्सने २००१ मध्ये. त्यामुळे दोन देशांचे १९९० च्या दशकातले आकडे शेजारी ठेवताना आधी कोण कुठल्या पुस्तकावर होतं ते तपासावं लागतं.

जुलैमध्ये एमआरडीतल्या एका ताईंनी निवृत्त रेकॉर्ड टेक्निशियन काकांचा फोन नंबर मिळवून दिला. बदलाच्या वर्षी कोडिंग त्यांनीच केलं होतं. थिसिसमधली सगळ्यात मोलाची माहिती मला या काकांकडून मिळाली. ते म्हणाले, "अहो डॉक्टर, आमच्याकडे नवव्याचा पहिला खंड तेवढा होता. सूचीचा खंड कुणी तरी नेला तो नेलाच. मग आम्ही घरची यादी केली होती, दोन पानी. रोजचे दीडएकशे आजार त्यात बसायचे." ती यादी त्यांच्याकडे अजून होती! वहीच्या पानांवर, शाईने, ओळी आखून. त्यांच्या परवानगीने मी ती थिसिसच्या परिशिष्टात जोडली. १९९९ पर्यंतच्या कोडांचं गूढ त्या दोन पानांनी उलगडलं. क्षयाची बहुतेक प्रमाणपत्रं ०११ मध्ये का, याचं कारण यादीत क्षयासाठी तेवढा एकच कोड होता. जुन्या नोंदींवर काम करणाऱ्याने कोडिंग करणारी माणसं हयात आहेत तोवर त्यांना गाठावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता मुख्य मुद्दा. एक प्रमाणपत्र जसंच्या तसं सांगते. पुरुष, ६८ वर्षं, सप्टेंबर १९९८. पहिल्या भागात एकच ओळ: न्यूमोनिया, ४ दिवस. दुसऱ्या भागात: सीव्हीए (म्हणजे पक्षाघाताचा झटका), डाव्या बाजूचा पक्षाघात, ३ आठवडे. रजिस्टरात कोड ४८६, म्हणजे न्यूमोनिया. पहिल्या भागात एकच आजार आहे, तोच घेतला. दहाव्या आवृत्तीच्या नियम ३ प्रमाणे मात्र विचार असा होतो: निवडलेला आजार हा प्रमाणपत्रावर लिहिलेल्या दुसऱ्या आजाराचा उघड परिणाम असेल, तर तो दुसरा आजार मूळ कारण धरायचा, मग तो दुसऱ्या भागात का लिहिलेला असेना. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न्यूमोनिया होतो. म्हणून मूळ कारण पक्षाघाताचा झटका, कोड आय ६४. हा नियम नवव्यातही होता, पण न्यूमोनियाच्या बाबतीत त्याची कक्षा दहाव्यात बरीच रुंदावली. माणूस तोच, प्रमाणपत्र तेच, डॉक्टरची सही तीच. श्वसनाच्या रकान्यातला एक मृत्यू रक्ताभिसरणाच्या रकान्यात गेला.

हे आपल्यापुरतं नाही. अमेरिकेने १९९६ च्या मृत्यूंचं कोडिंग दोन्ही आवृत्त्यांनी करून बघितलं, तेव्हा इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोनिया मिळून दहाव्यात नवव्याच्या जेमतेम ७० टक्के भरले. अल्झायमर मात्र दीडपटीच्या वर गेला. इंग्लंड-वेल्सची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिथे पुस्तक नववंच होतं, पण १९८४ मध्ये नियम ३ चा अर्थ सैल लावायला सुरुवात केली आणि न्यूमोनियाचे मृत्यू धाडकन उतरले. १९९३ मध्ये जुन्या अर्थाकडे परत गेले आणि ते पुन्हा वर आले. मधली वर्षं आलेखात खड्ड्यासारखी दिसतात. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मला हेच विचारलं गेलं, आणि हे उदाहरण सांगितल्यावर परीक्षकांनी पुढचा प्रश्न घेतला.

क्षय आणि एचआयव्हीचं प्रकरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण महाराष्ट्राची ती वर्षं या साथीत होरपळलेली होती. नववी आवृत्ती १९७५ ची, एड्सची ओळख १९८१ ची. मूळ पुस्तकात एचआयव्हीला कोड असणं शक्यच नव्हतं. अमेरिकेने १९८७ पासून ०४२ ते ०४४ हे कोड आपल्यापुरते घातले. आमच्या रजिस्टरात तसं काही नव्हतं. पहिल्या ओळीत पसरलेला क्षय, दुसऱ्या ओळीत 'रेट्रोव्हायरल डिसीज' (एचआयव्हीचंच आडवळणाचं नाव) किंवा नुसतं 'इम्यूनोकॉम्प्रमाइज्ड' (प्रतिकारशक्ती खालावलेला), असं प्रमाणपत्र आलं की कोड क्षयाचा पडायचा, क्वचित २७९.१, म्हणजे पेशीजन्य प्रतिकारशक्तीचा दोष. दहाव्यात बी २० ते बी २४ हा स्वतंत्र गट आला, आणि एचआयव्हीमुळे झालेल्या क्षयाला बी २०.०. वार्षिक अहवालातल्या क्षयाच्या घटीचा मोठा वाटा इथे सापडला. जे लोक आधी क्षयात मोजले जात होते ते आता एचआयव्हीत मोजले जात होते.

'इम्यूनोकॉम्प्रमाइज्ड' या शब्दाचं काय करायचं यावर आमची दोन आठवडे चर्चा चालली. त्या काळी कुटुंबाला त्रास होऊ नये म्हणून डॉक्टर आडून लिहायचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. केसपेपरमध्ये तपासणीचा रिपोर्टही असायचा. तरी आम्ही ठरवलं की कोड प्रमाणपत्रावरच्या शब्दांवरूनच द्यायचा, केसपेपरवरून नाही. आम्ही कोडिंगमधला फरक मोजत होतो. प्रमाणपत्र खरं की खोटं हा वेगळा अभ्यास आहे, आणि तो कुणी तरी करायला हवा.

बाकीचे बदल भराभर सांगते. नवजात बाळाचा धनुर्वात नवव्यात ७७१.३ होता, म्हणजे प्रसूतिकालीन आजारांच्या प्रकरणात. दहाव्यात ए ३३ होऊन तो संसर्गजन्य आजारांत गेला. प्रकरणनिहाय तक्ता करणाऱ्याने हे हाताने दुरुस्त करावं लागतं. रस्ते अपघातात नववं आधी अपघात कसा झाला ते विचारतं आणि बळी कोण ते चौथ्या आकड्यावर सांगतं. दहावं आधी बळी कोण तेच विचारतं, पायी होता, सायकलवर, मोटरसायकलवर की गाडीत. प्रमाणपत्रावर नुसतं 'आरटीए' (रस्ते अपघात) असेल तर दोन्हीकडे 'अनिर्दिष्ट' खात्यातच टाकावं लागतं, आणि आमच्याकडे बहुतेक तसंच होतं. भाजण्याच्या मृत्यूंत मूळ कारण म्हणून जखमेचा कोड चालत नाही, बाह्य कारणाचा लागतो: अपघात, आत्महत्या, की हेतू अनिश्चित. प्रमाणपत्र लिहिताना पोलीस पंचनामा झालेला नसतो, म्हणून ती ओळ कोरी राहते. त्या कोऱ्या ओळीमुळे त्या बायकांचं काय झालं हे दोन्ही पुस्तकांत सारखंच हरवतं.

एक्सेलमध्ये काम करणार असाल तर कोडाचा रकाना आधी टेक्स्ट करून ठेवा, नाही तर ०११ चं ११ होतं. आयसीडी-१० च्या जुन्या डेटा एंट्रीत 'आय' अक्षराऐवजी एकचा आकडा आणि 'ओ' ऐवजी शून्य सर्रास सापडतं. आय २१, म्हणजे हृदयविकाराचा तीव्र झटका, १२१ म्हणून पडलेला असतो. 'ई' अक्षराचा घोळ सर्वांत फसवा. नवव्यात 'ई' म्हणजे बाह्य कारणं, दहाव्यात ग्रंथी आणि चयापचयाचे आजार. दशांश बिंदू गळला की ई ८७१ हा कोड दहाव्यात रक्तातलं सोडियम कमी होणं ठरतो, आणि नवव्यात शस्त्रक्रियेत शरीरात वस्तू राहून जाणं. म्हणून प्रत्येक ओळीपुढे आवृत्तीचा रकाना ठेवा, आणि वर्षावरून अंदाज करू नका. बदलाच्या पहिल्या तिमाहीत आमच्या रजिस्टरात दोन्ही पद्धतींचे कोड मिसळलेले होते.

ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत अभ्यासासाठी निवडलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राला दोन्ही आवृत्त्यांनी कोड दिला. आधी सगळं नवव्याने, मग महिनाभराने सगळं दहाव्याने, आधीचा रकाना लपवून. दुसऱ्या विभागातल्या एका सहकाऱ्याने स्वतंत्रपणे तेच केलं, आणि जिथे जुळलं नाही तिथे मॅडमनी निर्णय दिला. मग प्रत्येक कारणासाठी दहाव्याचा आकडा भागिले नवव्याचा आकडा. हे तुलनात्मकता गुणोत्तर एकाच्या जवळ असेल तर रेष सलग काढता येते, खूप दूर असेल तर रेष तोडून दाखवायची. कर्करोगाच्या मृत्यूंत फरक जवळजवळ नव्हता. न्यूमोनिया आणि क्षयाच्या रेषा आम्ही तोडल्या. आणि प्रमाणपत्रावर नुसतं 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' असेल तर दोन्ही पुस्तकांपुढे हात टेकावे लागतात. प्रत्येकच माणसाचं हृदय शेवटी थांबतं, त्यातून कारण कळत नाही. नमुना ४ वरच मृत्यूचा प्रकार लिहू नये अशी सूचना छापलेली असते. इंटर्न मित्रमैत्रिणींनो, रात्री तीन वाजता प्रमाणपत्र भरताना तेवढी एक सूचना वाचा, आणि खालच्या ओळी रिकाम्या सोडू नका.

आता अकरावी आवृत्ती आली आहे. १ जानेवारी २०२२ पासून ती अधिकृतपणे अमलात आहे आणि देश आपापल्या गतीने तिकडे वळत आहेत. तिच्यात 'ओ' आणि 'आय' ही अक्षरं कोडात वापरलेलीच नाहीत, त्यामुळे टायपिंगचा तो घोळ मिटेल. पण पक्षाघाताचा झटका रक्ताभिसरणाच्या प्रकरणातून निघून मज्जासंस्थेच्या प्रकरणात गेला आहे. आपल्याकडे तो बदल लागू होईल त्या वर्षी प्रकरणनिहाय तक्त्यात हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू घटलेले दिसतील, आणि कुणी तरी त्याची बातमी करेल. म्हणून थिसिस जमा केल्यावर मॅडम आणि मी अधीक्षकांना पत्र दिलं: बदलाच्या आधीच्या एका वर्षाची काही प्रमाणपत्रं आत्ताच दोन्ही आवृत्त्यांनी कोड करून ठेवावीत, आणि नमुना ४ च्या प्रती स्कॅन कराव्यात. स्कॅनिंगला मंजुरी मिळाली आहे. दुहेरी कोडिंगसाठी माणूस कोण देणार यावर पत्र सध्या आस्थापना शाखेत आहे, आणि आवक क्रमांक माझ्याकडे आहे.